'रा' म्हणजे राणी

बँकेच्या कर्ज विभागात मला चोवीस वर्षं झाली. शेवटचा हप्ता भरला, व्याजाचा पैपैसा चुकता झाला, की आम्ही खातेदाराच्या हातात बेबाकी दाखला ठेवतो. माणसं तो कागद घडीसुद्धा न घालता दोन्ही हातांत धरून नेतात. माझ्याकडे मात्र एक देणं असं आहे, की त्याचा दाखला कुठल्याच खिडकीवर मिळायचा नाही. शर्टाच्या खोक्यातून निघालेल्या पुठ्ठ्यावर ते मांडलेलं आहे आणि १९९० सालापासून माझ्या शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये पडून आहे.

पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखलेली १८० घरं आहेत. वर इंग्रजी 'ए' ते 'आर' अशी अठरा अक्षरं, कडेला शून्य ते नऊ आकडे. प्रत्येक घरात चार इवले चौकोन, स्केचपेनने रंगवलेले. रंग चारच : निळा, लाल, राणी, हिरवा. शेवटच्या चार रकान्यांत मात्र राणी रंग कुठेच नाही. त्याच्या जागी बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलंय, 'रा'.

हे अक्षर समोरच्या काकांचं.

काका आमच्या नात्यातले नव्हेत. चिंचवडला आमच्या दारासमोर त्यांचं दार, एवढाच संबंध. एका कारखान्यात ते मीटर आणि गेज दुरुस्त करत. १९८८च्या दिवाळीत बोनस आणि पतपेढीचं कर्ज एकत्र करून त्यांनी डीबी स्पेक्ट्रम घेतला. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने १९८२मध्ये काढलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा हा पुढचा अवतार. भारतात तो डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आणला होता. मेमरी ४८ के. आज मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटोही तेवढ्यात मावणार नाही. काकू म्हणाल्या, "फ्रिज आला असता." काका म्हणाले, "उद्या कारखान्यात हेच येणार आहे. आधी ओळख असलेली बरी."

ओळख आम्हा पोरांचीच जास्त झाली. दर रविवारी दुपारी काकांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची. काळा-पांढरा पोर्टेबल टीव्ही स्टुलावर, कॉम्प्युटर पाटावर आणि शेजारी काकूंचा अभंग ऐकायचा टेपरेकॉर्डर. खेळ कॅसेटवर असत. 'जे' दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा. मग दोन वेळा अवतरणचिन्ह, एंटर, आणि टेप सुरू. आधी एक लांबलचक शिट्टी, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. पडद्याच्या कडेला पट्टे धावायचे. चार-पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. शेवटाला येऊन 'टेप लोडिंग एरर' आली, की काका खिशातून चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढत आणि टेपच्या हेडचा स्क्रू कान लावून केसभर फिरवत. काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "माझा अभंग बेसूर झाला तर बघा!"

नियम एकच होता. एक लाइफ गेली की उठायचं, पुढचा नंबर. सात मुलगे होते आणि मी एकटी मुलगी. मुलगे मला "तू बघ ना, बघायला पण मजा येते" असं समजावायचे. काका फक्त विचारायचे, "नंबर कुणाचा?" माझा असला की सतरंजीवर आपोआप जागा व्हायची.

पहिला खेळ 'मॅनिक मायनर', १९८३चा. मॅथ्यू स्मिथ नावाच्या ब्रिटिश मुलाने लिहिलेला. तेव्हा त्याला अठरावंही पूर्ण नव्हतं. वीस गुहा आणि तीन लाइफ. आम्ही चौथ्या-पाचव्या गुहेतच संपायचो. एका रविवारी काका कुणाकडून तरी आणलेलं इंग्लंडचं मासिक घेऊन बसले आणि मला म्हणाले, "तुझं गणित बरं आहे. इकडं ये."

त्या दिवशी मला कळलं, की खेळ म्हणजे आकड्यांची रांग असते आणि प्रत्येक आकड्याला पत्ता असतो. ३५१३६ या पत्त्यावर एक सूचना होती : शिल्लक जिवांतून एक वजा कर. "तिथं शून्य लिहायचं," काका म्हणाले. "शून्य म्हणजे काही करू नको, पुढं चल." 'लोड'ऐवजी 'मर्ज' केलं की कॅसेटवरचा सुरुवातीचा प्रोग्राम आपोआप धावत सुटत नाही, हातात राहतो. त्यात खेळ सुरू होण्याआधी 'पोक ३५१३६, ०' एवढंच घालायचं. ते मी घातलं. त्या दुपारी खेळातला नायक विली शेकडो वेळा मेला आणि एकदाही संपला नाही. मुलग्यांनी मात्र तक्रार केली. लाइफ संपतच नाहीत, तर नंबर कधी येणार? काकांनी घड्याळ काढून ठेवलं. प्रत्येकाला पाच मिनिटं.

मग आला 'जेट सेट विली'. त्याच मुलाने १९८४मध्ये लिहिलेला पुढचा भाग. खाणीत श्रीमंत झालेल्या विलीने बंगला घेतलाय, जंगी पार्टी झालीय, आणि साठ खोल्यांतला पसारा आवरल्याशिवाय घर सांभाळणारी मारिया त्याला अंथरुणावर जाऊ देत नाही. ती वाटेत हात रोखून उभी. काकू हा एकच खेळ आवडीने बघत. म्हणत, "बरोबर आहे तिचं."

पण कॅसेट नुसती मिळून उपयोग नव्हता. खेळ सुरू होताना विचारायचा, अमुक घरातले चार रंग सांग. रंगांचं कार्ड मूळ कॅसेटसोबत यायचं. एक ते चार या आकड्यांच्या बटणांवर निळा, लाल, राणी, हिरवा हेच रंग होते. त्यातली चार बटणं क्रमाने दाबायची. दोनदा चुकलं की सगळं पुसलं जायचं, पुन्हा टेप. कॅसेट दुसऱ्या टेपवर उतरवता येते, पण झेरॉक्स काळी-पांढरी निघते, असा त्यामागचा हिशेब. काकांच्या ओळखीच्या एकाने मूळ कॅसेट परदेशातून आणली होती. त्याने कार्ड एका रात्रीपुरतं दिलं. कार्ड काढणाऱ्यांनी झेरॉक्सचा विचार केला होता, पण शर्टाचा पुठ्ठा आणि स्केचपेनचा डबा घेऊन रात्रभर बसणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता. १८० घरं, प्रत्येकी चार, म्हणजे ७२० चौकोन. पहाटेकडे राणी रंगाचं पेन वाळलं. मग 'रा'.

गंमत म्हणजे आमच्या टीव्हीवर सगळं करडंच दिसायचं. विलीच्या बंगल्यातले रंग आम्ही कधी पाहिलेच नाहीत. त्या खेळाचे रंग म्हणजे तो पुठ्ठा.

मी गणिताच्या वहीत बंगल्याचा नकाशा काढायला घेतला आणि माळ्यावर अडकले. माळ्यावर जाऊन आलं, की पुढे दुसऱ्याच काही खोल्यांत पाऊल टाकताच विली मरायचा. उडी चुकली नाही, कुणी धडकलं नाही, तरी मरायचा. लागोपाठ, सगळ्या लाइफ संपेपर्यंत. मी तीन रविवार स्वतःला दोष दिला. घरात मला तशी सवयच होती. उत्तर चुकलं तर पाटी माझी, पुस्तक कधी चुकत नसतं. काकांनी नकाशा पाहिला, पुन्हा खेळायला लावलं, आणि पुढच्या महिन्यात मासिक घेऊन माझ्या दारात आले. आत न येता म्हणाले, "तू बरोबर होतीस. प्रोग्राममध्येच चूक आहे." माळ्यावर गेल्यावर मेमरीत भलत्याच ठिकाणी लिहिलं जायचं. विकणाऱ्यांनी आधी सांगून पाहिलं होतं, की त्या खोल्यांत विषारी वायू भरलाय, खेळ मुद्दाम अवघड केलाय. पुढे ते मागे घेऊन त्यांनी दुरुस्तीचे आकडे जाहीर केले.

आपलं बरोबर आणि छापील चूक, असं असू शकतं हे मला बाराव्या वर्षी समजलं. त्याची किंमत कळायला पुढची पंधरा वर्षं लागली. आमच्या बँकेचं कामकाज नव्याने कॉम्प्युटरवर चढलं होतं. एका शेतकऱ्याच्या खात्यावरचं व्याज माझ्या हाताने केलेल्या आकड्याशी जुळेना. फरक काही रुपयांचा. सगळे म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर चुकत नसतो." मी म्हटलं, "चुकतो. माळ्यावर जाऊन आला की चुकतो." कुणाला काही कळलं नाही. शोधलं तेव्हा २९ फेब्रुवारीचा दिवस दोनदा धरलेला निघाला, आणि तो एकाच खात्यात नव्हता.

आता त्या पुठ्ठ्याचं. १९९०च्या मे महिन्यात मला वाढदिवसाला बारा स्केचपेनांचा डबा मिळाला. मी काकांकडे जाऊन म्हटलं, "काका, सगळे 'रा' मी भरून देते." त्यांनी पुठ्ठा दिला. म्हणाले, "रेषेबाहेर जाऊ देऊ नकोस." त्याच महिन्यात आमचा निगडीचा फ्लॅट ताब्यात आला. सामानाच्या गडबडीत पुठ्ठा अ‍ॅटलासमध्ये गेला आणि अ‍ॅटलास खोक्यात. पुठ्ठ्याशिवाय काकांचा 'जेट सेट विली' सुरूच होणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. चिंचवड ते निगडी बसने अर्धा तास. पण दहावी आली, कॉलेज आलं. काका रस्त्यात भेटले तर पुठ्ठ्याबद्दल अवाक्षर काढत नसत. "गणित काय म्हणतंय?" एवढंच.

ते गेल्याचं कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. मी गेले. पाटावरचा कॉम्प्युटर नव्हता, एका शाळेला दिला होता. टेपरेकॉर्डर होता. काकू म्हणाल्या, "तुझी आठवण काढायचे. म्हणायचे, मुलगी हिशेबाची पक्की." पुठ्ठा पर्समध्ये होता. तो बाहेर काढायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या टीव्हीमागे एक हिरवी पट्टी लटकवली. रास्पबेरी पाय झीरो. आगपेटीहून जरा लांब, पण तिच्याहून कितीतरी चपटी. हीसुद्धा केंब्रिजचीच. तिच्यात 'फ्यूज' नावाचा एम्युलेटर, म्हणजे आपण स्पेक्ट्रम आहोत असं इमानदारीने सोंग घेणारा प्रोग्राम. सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय १९८६मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला, आणि मूळ यंत्राच्या रॉममधला मजकूर एम्युलेटरबरोबर वाटायला पुढे त्यांनीच परवानगी दिली. त्याशिवाय हे सोंग उभं राहिलं नसतं.

भाच्याने आधी खेळाची स्नॅपशॉट फाइल चालवली. ४९,१७९ बाइट. खेळ सुरू झालेला असताना कुणीतरी मेमरी जशीच्या तशी गोठवून ठेवलेली. क्षणात बंगला हजर. रंग विचारले नाहीत, शिट्टी नाही, काही नाही. म्हटलं, "हे दुसऱ्याने कुलूप उघडून ठेवलेलं घर झालं. टेप नाही का?" होती. 'टीझेडएक्स' प्रकारच्या फाइलमध्ये कॅसेटवरची नाडी जशीच्या तशी नोंदवलेली असते, खास लोडर असला तरी. ती लावली. शिट्टी आली, खरखर आली, आणि पट्टे आले ते रंगीत. मला पहिल्यांदाच कळलं की ते आधी लाल-आकाशी असतात आणि मग निळे-पिवळे.

मग प्रश्न आला. 'ओ' रकाना, सहावं घर.

"थांब, नेटवर कार्ड असेल," भाचा म्हणाला. मी अ‍ॅटलास काढला. हिरवा, रा, लाल, रा. चार, तीन, दोन, तीन. दार उघडलं.

"मावशी, हे 'रा' काय आहे?"

"राणी. पेन वाळलं होतं."

"मग भरून टाक ना आता."

खरं तर त्या आठवड्यात मी राणी रंगाचं स्केचपेन आणून ठेवलं होतं. टोपणही काढलं. पण 'रा'च्या कान्याला काका शेवटी किंचित आकडी देत. तशी आकडी असलेलं अक्षर जगात दुसरं कुठे उरलं असेल, असं मला वाटत नाही. टोपण परत लावलं.

पुठ्ठ्यामागे त्यांच्याच हातचे दोन आकडे आहेत : ३५८९९, ०. 'जेट सेट विली'मध्ये जीव वजा करणारी सूचना याच पत्त्यावर आहे. त्या कॅसेटवर आमचं 'मर्ज' चाललं नव्हतं, म्हणून काकांनी ते नंतर बघू म्हणून टिपून ठेवले होते. एम्युलेटरमध्ये पोक लिहायला चौकट असते. मी भाच्याला आकडे सांगितले. विली मेला, उठला. मेला, उठला. खाली नाचणारे उरलेले जीव तेवढेच.

गणितात वजाच्या चिन्हालाही आपण ऋणच म्हणतो. वजा होत होत शून्यावर यायचं, हा आमच्या विभागाचा रोजचा धंदा. 'जेट सेट विली'चे पैसेही मी तो लिहिणाऱ्या मुलाला कधी दिले नाहीत. तेही या खात्यात आहे. पण काकांच्या खात्यावर वजा करणारी जी सूचना असेल, तिच्या जागी मी शून्य लिहून टाकलंय. काही करू नको, पुढं चल.

"मावशी, अजून एकदा?"

मी मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीसमोर ठेवलं. "पाच मिनिटं झाली. नंबर कुणाचा?"