पाय थांबेनात!

तीन दिवस झाले, माझ्या डोक्यात एकच अल्बम वाजतो आहे. भेटेल त्याला धरून सांगतोय, आता तुम्हालाही सांगतो. 'ब्लडीवूड'! याच नावाचा दिल्लीचा मेटल बँड आहे, तो वेगळा. मी म्हणतोय तो मुंबईच्या 'पेंटाग्राम' या बँडचा २०११ सालचा चौथा अल्बम.

मामेभावाला मुंबईच्या गाडीत बसवायला गेलो होतो. गाव बल्लारपूर, पण स्टेशन बल्लारशाह. भिंतीवरच्या रंगवलेल्या वाघांसमोर आम्ही बसलो होतो, तेवढ्यात त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. समोरून कोळशाची मालगाडी धडधडत चालली होती आणि कानात गिटार, ढोलासारखा खालून येणारा बेस, वर संगणकावर रचलेले ठोके! आधी टाच हलली, मग गुडघा, मग मी उभाच राहिलो. गाडी गेली, गाणं संपलं, पाय काही थांबेनात.

"गातोय कोण?" मी विचारलं. "विशाल ददलानी." विशाल-शेखर या संगीतकार जोडीतला? हो, तोच! २००७ मध्ये 'ओम शांती ओम'च्या गाण्यांवर आपण वरातीत नाचत होतो, त्याच वर्षी पेंटाग्रामचा तिसरा अल्बम आला होता. ज्या वर्षी 'रा.वन'चं संगीत आलं, त्याच वर्षी 'ब्लडीवूड'. हिंदी सिनेमासाठी चाली बांधणारा माणूस दुसऱ्या हातानं हे करत होता!

मग रात्री बसून मागचं सगळं ऐकलं. बँड नव्वदच्या दशकातला. १९९६ चा पहिला अल्बम बराचसा सरळ रॉक. २००२ च्या 'अप'मध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक आवाज आत शिरले आणि बँडचा चेहरामोहराच बदलला. गिटारवर रँडॉल्फ कोरेया, बेसवर पापल माने, ड्रमवर शिराज भट्टाचार्य. २००५ मध्ये हे इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आले. हिंदी सिनेमाचा आधार न घेता, इंग्रजीत गाऊन!

मला आजवर वाटायचं, राग आला की गाणं बसून ऐकायचं आणि आनंद झाला की नाचायचं. 'ब्लडीवूड'मधलं 'टुमॉरोज डिसायडेड' ऐकलं आणि ही वाटणीच मोडली. आवाजात चीड, चिमटा, प्रश्न, आणि खाली ठेका असा की बसवत नाही. चौथ्यांदा ऐकताना उमगलं, हे तर आपल्याकडं आहेच! गडचिरोलीकडच्या गोंडी रेला नृत्यात हातात हात गुंफून रांग डुलते. गाणारे आणि नाचणारे निराळे नसतात, आणि जगण्यातलं सगळंच त्या पावलांवर चालतं. एवढ्या दूरच्या मुंबईतला हा बँड मला त्या रांगेत घेऊन गेला.

आई दारात येऊन म्हणाली, "काय आयकून रायला गा, एवढ्या रातीचा?" एक कान तिला दिला. शब्द तिला कळले नाहीत. पण बोटं दाराच्या चौकटीवर ठेका धरू लागली.

मित्रांनो, हा अल्बम मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर वाया घालवू नका. बेस पोटात जाणवेल असं काहीतरी शोधा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐका. आणि ऐकताना उभे राहा!