चौघांच्या खेळात आपला आकडा

हॅम्बुर्गमधल्या आमच्या छोट्या क्लबाची गुणयादी मी सांभाळते. आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल फुटबॉलचे सामने होतात, निकालाच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात आणि त्याच रात्री मी प्रत्येकाचा नवा आकडा मांडून ठेवते. सकाळी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये लोक आधी तोच उघडून बघतात. म्हणून हे काम मी घाईत उरकत नाही. कुणाला तरी आपण किती खेळतो हे सांगायची जबाबदारी आपल्याकडे आली, की ती नीटच निभवावी लागते.

पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना हा खेळ नवा नाही. हिंजवडीत कँटीनशेजारी ‘फूसबॉल’चं टेबल असतं, जेवणानंतर चौघं भिडतात, दांडे गरागरा फिरवतात आणि मीटिंगची वेळ झाली की पांगतात. मीही तिथंच शिकले. इथं आल्यावर कळलं, की स्पर्धेत दांडा गरागरा फिरवणं हा फाउल आहे. पाच पुतळ्यांच्या, म्हणजे पाचाच्या दांड्यावर चेंडू दहा सेकंदांहून जास्त धरता येत नाही, बाकीच्या दांड्यांवर पंधरा. दुहेरीत प्रत्येकाचे दोन दांडे ठरलेले. पुढचा खेळाडू पाचाचा आणि तिनाचा दांडा सांभाळतो, मागचा गोलीचा आणि दोनाचा. मी मागे उभी राहते.

खेळाडूंना गुण द्यायच्या दोन रीती आहेत. लोक त्यांची गल्लत करतात आणि मग भांडतात. पहिली रीत कमाईची. २००२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टेबल सॉकर महासंघाची, म्हणजे आयटीएसएफची जागतिक क्रमवारी या जातीची आहे. स्पर्धेचा दर्जा ठरलेला, तुम्ही कितवे आलात त्यावर गुण ठरलेले. मोठ्या स्पर्धेत पहिल्या आठांत आलात तर भरपूर, गावातल्या स्पर्धेत पहिले आलात तरी थोडे. एकेरी, दुहेरी, महिला, ज्युनिअर, सीनिअर, प्रत्येकाची यादी वेगळी. ही रीत स्वच्छ आहे, कुणालाही समजते. पण जो जास्त फिरतो, त्याच्याकडे जास्त गुण साठतात. ज्याच्या खिशाला फ्रान्स, इटली, अमेरिकेच्या वाऱ्या परवडत नाहीत, तो कितीही चांगला खेळला तरी त्या यादीत खालीच दिसतो. यात लबाडी कुणाचीच नाही. त्या यादीला विचारलेला प्रश्नच ‘तू काय जिंकलंस’ असा आहे, आणि त्याचं उत्तर ती प्रामाणिकपणे देते.

दुसऱ्या रीतीत प्रश्न बदलतो. तुम्ही दोघं उद्या समोरासमोर आलात तर काय होईल? हा प्रश्न गणिताच्या चौकटीत बसवला अर्पाद एलो यांनी. मूळचे हंगेरीचे, मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि बुद्धिबळ उत्तम खेळायचे. अमेरिकी बुद्धिबळ संघटनेनं त्यांची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, जागतिक संघटना फिडेनं १९७० मध्ये. आज कितीतरी खेळांत तिचीच भावंडं नांदतात. आमची यादीही त्याच कुळातली.

गेल्या वर्षी नागपूरचा एक मुलगा आमच्यात खेळायला लागला. इथं नोकरीला आलेला, हात चपळ आणि डोक्यात आकडे. आपल्या गावच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखचं रेटिंग त्याला महिन्याच्या महिन्याला पाठ असायचं, त्यामुळे रेटिंग म्हणजे काय हे समजवायची गरजच पडली नाही. पण एका रात्री त्याचा फोन आला.

‘‘ताई, आज आम्ही जिंकलो आणि सहाच गुण? मागच्या वेळी हरलो तेव्हा अठरा गेले होते!’’

‘‘जोडीदार कोण होता तुझा, दोन्ही वेळेला?’’

‘‘तोच, दाढीवाला. क्लबातला सगळ्यात भारी.’’

‘‘मग त्यातच उत्तर आलं.’’

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला टेबलाच्या काचेवर बोटानं मांडून दाखवलं. दोन जोडीदारांच्या गुणांची सरासरी म्हणजे जोडीची ताकद. त्यांची सरासरी होती १७००, समोरच्यांची १५००. दोनशेचा फरक असला की सूत्र सांगतं, वरची जोडी शंभरातले ७६ सामने जिंकेल. आमच्याकडे एका सामन्यात जास्तीत जास्त २४ गुण हलू शकतात. जिंकणं अपेक्षितच होतं, तेव्हा उरलेल्या २४ टक्क्यांचेच गुण मिळणार, म्हणजे सहाच्या आसपास. हरलात तर अपेक्षेचे सगळे ७६ टक्के जाणार, म्हणजे अठरा. समोरच्यांचं बरोबर उलट. सरासरी सारखी असती तर जिंका किंवा हरा, बारा इकडे किंवा बारा तिकडे. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘म्हणजे मला गुण मिळाले ते जिंकल्याचे नाहीत, अंदाज चुकवल्याचे.’’ इतक्या थोड्या शब्दांत मला स्वतःला ते कधी सांगता आलं नव्हतं.

पुढचा प्रश्न मात्र त्यानं खरा अवघड विचारला. गोल तर सगळे पुढच्यानं केले, मग दोघांना सारखेच गुण का?

इथं मला मागे उभं राहण्याबद्दल बोलावंच लागेल. समोरचा खेळाडू तिनाच्या मधल्या पुतळ्याच्या पायाखाली चेंडू दाबून धरतो. मूठ सोडून मनगट दांड्यावर टेकवतो. या शॉटला स्नेक म्हणतात. चेंडू डावीकडे, उजवीकडे सरकत राहतो आणि मध्येच मनगट वर ओढलं जातं, दांडा एक फेरी घेतो आणि चेंडू गोलात. चेंडू सुटल्यावर हलू म्हणाल तर वेळ गेलेली असते. म्हणून मागच्यानं आधीपासून हलत राहायचं. माझ्याकडे गोलीचा पाय आणि दोनाच्या दांड्याचा एक पाय, एवढीच भिंत. दोघांनी मिळून पूर्ण गोल झाकला जात नाही, एक फट उरतेच. मागच्याची सगळी विद्या त्या फटीत आहे. ती कुठं दाखवायची, किती वेळ दाखवायची, आणि समोरच्याला ‘आत्ता’ वाटेल त्या क्षणी कशी बुजवायची. लय लागू द्यायची नाही. एकसारखी हालचाल झाली, की चांगला खेळाडू ती मोजतो आणि तिसऱ्या खेपेला नेमका फटीतून जातो. अडवलेला चेंडू पायाशी थांबवून पाचाच्या दांड्याला शांतपणे पोचवायचा, ते आणखी निराळं काम.

यातलं काहीही निकालाच्या चिठ्ठीवर येत नाही. चिठ्ठीवर चार नावं आणि सेटचे आकडे. मी ठामपणे या मताची आहे, की गुण समानच वाटले पाहिजेत. गोल मोजून वाटायला लागलो तर पुढचा खेळाडू पास न देता मिळेल तिथून मारत सुटेल आणि मागचा स्वतःच लांबून तोफ डागायला लागेल. जोडी मोडेल. पण समान वाटणीनं मागच्याला न्याय मिळतो का? एका सामन्यात नाही मिळत, आणि एका जोडीत तर कधीच मिळत नाही. तुम्ही कायम एकाच माणसाबरोबर खेळलात तर यादीला फक्त तुमची बेरीज कळते. समीकरण एक आणि अज्ञात दोन. ती बेरीज कोणाच्या जिवावर उभी आहे, हे एलोंना काय, कुणालाच सांगता येणार नाही.

यावर जर्मनीतल्या क्लबांमध्ये रुळलेला एक प्रकार मला फार आवडतो. डीवायपी म्हणजे जोडीदार चिठ्ठी टाकून मिळतो. मॉन्स्टर डीवायपीत तर दर फेरीला जोडीदार बदलतो. अर्ध्या तासापूर्वी ज्याचा शॉट अडवायला जीव तोडत होतात, तोच आता तुमच्या शेजारी. रंगत आहेच, पण यादी सांभाळणाऱ्याच्या दृष्टीनं ही पर्वणी असते. दहा वेगवेगळ्या माणसांबरोबर खेळून तुमच्या जोड्या अंदाजापेक्षा वरचढ ठरत राहिल्या, तर त्या दहाही जोड्यांत समान धागा एकच असतो, तुम्ही. समान वाटलेल्या गुणांतूनच हळूहळू प्रत्येकाचा आकडा सुटा होतो. आमच्या यादीत वरच्या चारांत एक बाई आहेत, ज्या क्वचितच पुढे खेळतात. गोल करताना त्यांना फारसं कुणी पाहिलेलं नाही. पण ज्याच्या जोडीला जातील त्याचा सामना सावरतात, आणि चिठ्ठ्यांच्या ढिगानं ते ओळखलं. हे पाहिल्यापासून माझा या गणितावर विश्वास बसला.

ढीग मात्र लागतोच. टेबल फुटबॉलचा सेट पाच गोलांचा, म्हणजे फार छोटा. समजा तुम्ही थोडे सरस आहात आणि शंभरातले ५५ गोल तुमचे होतात. गोल खाल्ल्यावर चेंडू कुणाकडे जातो आणि शेवटी दोन गोलांची आघाडी लागते का, हे तपशील सोडून हिशेब केला तर शंभरातले सुमारे ६२ सेट तुम्ही जिंकाल. पाचातले तीन सेट जिंकायचे असतील तर सामने सुमारे ७२. याचा अर्थ, सरस असूनही सरासरीनं चार सामन्यांतला एक तरी हातून जाणारच. म्हणून एका संध्याकाळी चाळीस गुण गेले तरी खचू नका, असं मी नव्यांना आकडे दाखवून सांगते. धीर द्यायला माझ्याकडे याहून चांगलं काही नाही.

यादीचे आजारही असतात. नवा माणूस आमच्याकडे ठरावीक आकड्यावर दाखल होतो. तो झपाट्यानं सुधारला तर वर चढताना लागणारे गुण इतरांच्या खात्यातून घेतो, कारण एकानं मिळवलेले गुण दुसऱ्यानं गमावलेलेच असतात. पुढं तो बदली होऊन म्युनिकला गेला, की ते गुणही त्याच्याबरोबर जातात. राहिलेले पूर्वीइतकंच चांगलं खेळतात, आणि त्यांचे आकडे मात्र गळत जातात. बुद्धिबळासारख्या मोठ्या खेळालाही हे चुकलं नाही. १ मार्च २०२४ ला फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्या खेळाडूंची रेटिंग एकदम उचलली. २००० ला जितके कमी पडत होते, त्याच्या चाळीस टक्के भर घातली. १५०० वाला १७०० झाला. एका रात्रीत कुणाचा खेळ सुधारला नव्हता, मोजपट्टी ताणली गेली होती. आम्हीही हंगाम संपला की असा थोडा समतोल साधून घेतो.

दुसरा आजार माणसांचा आहे. अमेरिकेत टॉर्नेडोच्या टेबलावरच्या स्पर्धांमध्ये खेळाडूंची गुणांवरून प्रतवारी होते, अगदी नवख्यांपासून मातब्बरांपर्यंत, आणि खालच्या गटांच्या स्पर्धा फक्त खालच्यांसाठी राखीव असतात. हेतू उत्तम आहे, नवख्यालाही बक्षिसाची आशा राहावी. पण जिथं कमी गुणांना बक्षिसाचं दार उघडतं, तिथं मुद्दाम हरून खाली राहणारेही निघतात. मला याचा मनापासून राग येतो. यादी बिघडते ही तक्रार दुय्यम आहे. खोटं हरणाऱ्याबरोबर त्याचा जोडीदारही हरतो, आणि त्या बिचाऱ्यानं जीव ओतलेला असतो.

आणि प्रत्येक आकडा आपापल्या टेबलापुरता, आपापल्या माणसांपुरता खरा असतो. फ्रान्सच्या बोन्झिनी टेबलावर कॉर्कचा हलका चेंडू आणि धातूचे जड पुतळे. खेळ हळू, नाजूक, चेंडू पायाखाली चिकटून राहतो. टॉर्नेडोवर गोलीच्या दांड्यावर बहुधा तीन पुतळे, चेंडू कडक. आमच्याकडच्या लेओनहार्टवर सगळं वेगात. एका टेबलावर मुरलेला हात दुसऱ्यावर पहिला तासभर परका असतो. आमचा १६०० आणि दुसऱ्या शहरातला १६०० शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांशी पुरेसे खेळले, तरच ते आकडे एकमेकांशी बोलायला लागतात. म्हणून मी लोकांना दुसऱ्या क्लबांत जाऊन खेळा असा आग्रह करते आणि आल्यावर निकाल मागून घेते.

नागपूरकराचं म्हणणं होतं, की पुढचे गुण आणि मागचे गुण अशा दोन याद्या ठेवाव्यात. मला ते पटतं, पण करवत नाही. याद्या दोन केल्या की प्रत्येकीच्या वाट्याला निम्मेच सामने येतात, आणि एवढ्या छोट्या सेटच्या खेळात निम्म्या सामन्यांवरचा आकडा कितपत धरून चालायचा? शिवाय नियमानुसार गोल झाल्यावर किंवा टाइम-आउटमध्ये जोडीदारांना जागा बदलता येतात. सामना पुढे-मागे दोन्हीकडे खेळला असेल तर तो कुठल्या यादीत घालायचा? तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पुढे भन्नाट खेळणारे दोघं-तिघं मागे उभे राहिले की जोडी बुडते आणि सरासरीला ते दिसत नाही.

या हंगामापासून मी चिठ्ठीवर नावापुढे ‘पु’ आणि ‘मा’ अशी खूण करायला जागा ठेवली आहे. गुण अजून एकाच यादीत जातात. खुणा वेगळ्या साठवते आहे. वर्षभराच्या चिठ्ठ्या हातात आल्या, की जुना अंदाज किती चुकला आणि खुणा धरून केलेला किती चुकला, दोन्ही ताडून बघीन. दुसरा खरंच कमी चुकत असेल तर याद्या दोन होतील. तो मुलगा स्वतःहून मागे खेळायला लागला आहे, आणि हल्ली चिठ्ठ्या गोळा करून आणायचं काम त्याच्याकडेच असतं.