घर मिळते, बांधी मिळत नाही

भंडाऱ्याहून पवनीकडचा रस्ता पाहावा तो दिवाळीच्या सुमारास! दोन्ही अंगांना पिवळसर झालेल्या धानाच्या बांध्या (पुण्या-मुंबईकडे यांना भातखाचरे म्हणतात), मध्येच एखादा जुना मालगुजारी तलाव, आणि पुढे वैनगंगेचे संथ पात्र.

याच रस्त्यावरची तीन एकर बांधी वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी विकली होती. परदेशी नोकरीत चार पैसे गाठीला लागले, तेव्हा ती परत घ्यावी असे मनात आले. सध्याचा मालकही राजी होता. पण वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "परकीय चलनाच्या 1999 च्या कायद्यामुळे अनिवासी भारतीयाला इथे घर घेता येते, दुकान घेता येते. शेतजमीन वा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते."

आहे की नाही गंमत, वाचकहो? वडिलांनी बांधी विकली नसती, तर ती आपोआप माझी झाली असती. पण विकली नसती, तर ती घेण्याइतका पैसा माझ्याजवळ आलाच नसता!

अखेर भंडाऱ्यात दोन खोल्यांचे घर घेतले. आईला मी हळहळत सारे सांगितले, तर ती म्हणाली, "ज्याने इतकी वर्षं कसली, त्याचीच ती. आपण तांदूळ तेवढा त्याच्याकडून घेत जाऊ."