वेळ्याच्या अलीकडे

आमच्या दिंडीचा ट्रक म्हणजे वीस दिवसांचं घर. मागे तांदळाची पोती, तंबूचे बांबू, वळकट्या, भांडी, दोन शेगड्या आणि गॅसच्या टाक्या. वर ताडपत्री. तासगाव तालुक्यातून आळंदीला जाताना आम्ही माणसंही त्याच ट्रकमध्ये मागे बसायचो. स्वयंपाक माझ्याकडे असल्यामुळे टाक्यांची जबाबदारीही माझीच. म्हणून 2022 च्या जूनमध्ये जे घडलं, त्यातली माझी चूक मी सांगितलीच पाहिजे.

कोरोनामुळे दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती. त्या वर्षी माउलींची पालखी 21 जूनला आळंदीहून निघणार होती आणि गावात नुसता उत्साह होता. शेगड्या, नळ्या सगळं सामान 2019 पासून देवळाच्या खोलीत पडून होतं. भांडी आम्ही दोनदा घासली, तांदूळ निवडले, पण गॅसची नळी कोणी वाकवूनसुद्धा पाहिली नाही. मीही नाही.

निघालो त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला उंब्रजच्या पुढे चहाला थांबलो. चहा झाल्यावर शेगडीची कळ मी बंद केली, पण टाकीवरचा रेग्युलेटर तसाच राहू दिला. शिरवळला रात्रीची आमटी करायचीच होती, परत कशाला काढा-घाला, असा विचार केला. जागा कमी पडत होती म्हणून टाकी पोत्यांच्या कडेला आडवी टाकली. शेगडी तिला टेकवली. पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधली.

सुरूर फाटा मागे पडला तेव्हा हरिपाठाची वेळ झाली होती. माउलींच्या तसबिरीपुढे निरांजन लावायचं म्हणून एका मामांनी काडेपेटी हातात घेतली. तेवढ्यात खाली फळ्यांवर पडलेल्या आमच्या दिंडीतल्या आक्का उठून बसल्या. "अगं, कसला वास येतोय? कांदं कुजल्यासारखा." आम्ही पोत्यांवर उंच बसलेलो. आम्हांला काहीच वास नव्हता. मी खाली वाकले आणि माझ्या पोटात गोळा आला. "मामा, काडी वढू नगा!" एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

आक्कांना आधी वास का आला, ते नंतर नीट कळलं. आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं आणि दोन्ही हवेपेक्षा जड. गळालेला गॅस पाण्यासारखा खाली उतरतो, खळग्यात साचतो. मूळ गॅसला वास जवळजवळ नसतोच, तो कळावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य घालतात. हवेच्या शंभर भागांत दोनेक भाग गॅस मिसळला की ठिणगी पुरते. आणि टाकी आडवी पडली की वरच्या वाफेऐवजी आतला द्रवच तोंडाशी येतो. लिटरभर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. बंद ताडपत्रीखाली चौदा माणसं होतो आम्ही.

केबिनवर थापा मारल्या. ड्रायव्हरने ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं. फाळका पाडला, म्हाताऱ्यांना धरून उतरवलं आणि वारा येत होता त्या बाजूला लांब नेऊन बसवलं. कोणीतरी मोबाईलची बॅटरी लावायला निघालं, त्याच्या हातावर मी चापट मारली. मग ड्रायव्हर आणि मी ताडपत्री सोडली. नळी लोखंडी शेगडीच्या पायाशी घासून चिरली होती. चिरेभोवती पांढरं दंव धरलं होतं आणि बारीक सुसकारा चालू होता. मी रेग्युलेटरची कळ फिरवली. सुसकारा थांबला. टाकी उभी केली, रेग्युलेटर काढला, टोपण दाबून बसवलं आणि मगच ती बाजूच्या माळावर नेली. तासभर ट्रक उघडा ठेवला. ड्रायव्हरने चावीला हात लावला नाही.

"काकी," तो म्हणाला, "पुढं वेळं, आन् लगेच खंबाटकीचा बोगदा."

मी काही बोलले नाही. बोलवेना.

पुढच्या वर्षी, मदुराईच्या 26 ऑगस्ट 2023 च्या आगीची बातमी वाचली. लखनौहून आलेल्या यात्रेकरूंचा रेल्वेचा डबा यार्डात उभा होता. लपवून आणलेल्या टाकीवर पहाटे चहा ठेवताना आग लागली आणि नऊ जण गेले. मी तो पेपर कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. त्यांनाही चहाच करायचा होता.

माझा भाचा अमेरिकेत आहे. तो सुट्टीत भाड्याने मोटरहोम घेतो, म्हणजे चाकांवरचं घरच. त्यात शेगडी, हीटर, फ्रीज, सगळं प्रोपेनवर. मी त्याला आमच्या ट्रकचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामी, तिकडेही लोक फ्रीज गार राहावा म्हणून गाडी चालताना गॅस चालू ठेवतात. मी टाकीवरच बंद करतो." तीन-चार तास दार उघडलं नाही तर फ्रीज तसाही गार राहतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. शेगडीची कळ बंद असली तरी टाकीपासून कळीपर्यंतची नळी भरलेलीच असते, आणि गाडीचे हादरे बसतात ते नेमके त्या नळीला.

आता टाक्या पिकअपमध्ये असतात, उघड्यावर, उभ्या, दोराने बांधलेल्या. त्या गाडीत मागे माणूस बसत नाही. नळी नारिंगी सुरक्षा नळीच घेतो. तिच्यावर पाच वर्षांची मुदत असते, पण इतक्या लोखंडात घासणारी नळी मी दर वारीला बदलते. टाकीच्या कड्यावर आतून ए-बी-सी-डी आणि वर्ष लिहिलेलं असतं, ती पुढच्या तपासणीची तिमाही. बी म्हणजे जूनपर्यंत. मुदत उलटलेली टाकी परत पाठवते. जोडल्यावर साबणाचं पाणी लावते, बुडबुडा आला की काढते. गळतीसाठीचा 1906 हा नंबर ट्रकच्या फाळक्यावर रंगवून घेतला आहे.

नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम पडतो. तिथून तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. सगळ्यांना ते गाठायचं असतं. गेल्या खेपेला लोणंदहून निघताना एक नवीन पोरगा म्हणाला, "काकी, तरडगावात परत लावायचाच हाय की. ऱ्हाऊ द्या." मी रेग्युलेटर काढला, दोऱ्याला लोंबणारं टोपण त्याच्या हातात दिलं आणि खट् आवाज येईपर्यंत त्यालाच दाबायला लावलं.

निरांजन आता चालत्या ट्रकात लागत नाही. गाडी थांबते, आक्का उतरतात, जमिनीवर पाट मांडतात. मग मामा काडी ओढतात.