कुंभार्लीचा खोळंबा

वैशाखातील एका सकाळी भाचीच्या लग्नासाठी आम्ही कऱ्हाडहून चिपळुणास निघालो, तेव्हा पूर्वेस नुकते तांबडे फुटत होते आणि गाडीत माणसांपेक्षा जिन्नसच अधिक होते. मुहूर्त १२ वाजून २६ मिनिटांचा. परंतु मामा म्हणजे लग्नघरातील वतनदार असामी, वधूची पिवळी अष्टपुत्री त्याने आणायची, तिला बोहल्यापर्यंत त्याने न्यायचे आणि मंगलाष्टके चालू असता तिच्या पाठीशी उभे राहायचे तेही त्यानेच, हा हक्कांचा पाढा आई आदल्या रात्रीपासून माझ्यापुढे वाचीत असल्यामुळे उशीर करण्याची मुभा मला मुळीच नव्हती. रुखवताचे डबे, नारळांची पिशवी आणि लाडवांचे टोपले यांच्या फटींतून आई, पत्नी आणि कन्या कशाबशा सामावल्या होत्या.

हा रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून नदीच्या उलट वर चढतो. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून दक्षिणेस वाहत आलेली ही नदी हेळवाकापाशी एकाएकी पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी वास्तविक बंगालच्या उपसागराचे. पण धरणाने ते अडविले, सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस उतरविले आणि वीज काढून झाल्यावर वाशिष्ठीच्या हवाली केले, तेव्हापासून त्यातील पुष्कळसे अरबी समुद्रास जाऊ लागले. कोयनानगर जवळ येताच आईने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप काढला. ती तेव्हा कऱ्हाडात शाळकरी मुलगी होती, आणि फडताळातील पितळी भांडी कुणी हात न लावता वाजू लागली, एवढीच तिची त्या प्रलयाची आठवण. पण दर खेपेस ती नव्याने दचकते.

हेळवाक मागे पडले की सातारा जिल्हा सरत येतो, आणि कुंभार्ली घाट उतरून खाली गेले की रत्नागिरी जिल्हा. ही हद्द पुढे आम्हांला फार भोवायची होती. करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या बाया मागे टाकून आम्ही काही वळणे उतरलो, तोच एका अवघड वळणावर पसरलेल्या बारीक खडीत आडवी पडलेली मोटारसायकल, तिच्याखाली एक पन्नाशीचे गृहस्थ आणि रस्ताभर घरंगळलेले हापूस आंबे दिसले. चिपळुणाहून पाटणकडे आंब्यांची पेटी नेत असता चाक घसरले होते. पायाचे हाड मोडले आहे हे सांगण्यास वैद्याची गरज नव्हती.

मी घड्याळाकडे पाहिले ते आईने पाहिले. "लग्न भाचीचं आहे, तुझं नव्हे," ती म्हणाली, "तिच्या मागं कुणीही उभा राहील. उतर खाली."

पत्नी शिक्षिका असून शाळेत गाइडचे पथक चालविते. मोटारसायकल उचलून बाजूस घेताच तिने त्या गृहस्थांस हलविण्याची, शिरस्त्राण ओढून काढण्याची आणि पाणी पाजण्याची, या तिन्ही गोष्टींची सक्त मनाई केली. वास्तविक जमलेल्या मंडळींच्या हातून पहिल्याने याच गोष्टी व्हावयाच्या होत्या. फुटलेल्या पेटीच्या फळ्या तिने पायाच्या दोन्ही अंगांस लावल्या आणि मला पांघरण्यासाठी आणलेले कोरे उपरणे फाडून त्या बांधल्या. मागून आलेल्या एस.टी.च्या चालकाने न विचारता बस वरच्या वळणावर आडवी घातली. वाहकाने खालच्या अंगास झाडाच्या फांद्या आणि धोंडे मांडले. एक करवंदवाली धावत आली आणि पदराने त्या माणसाच्या तोंडावर सावली धरून बसली, ती शेवटपर्यंत उठली नाही.

तेवढ्यात एका सुटाबुटातील गृहस्थांनी मला कानाशी बजावले, "साहेब, हात लावू नका, जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या चढाल." ही भीती निराधार म्हणता येत नाही, आमच्या वडीलधाऱ्यांनी तिचा अनुभव घेतलेला आहे. परंतु ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांस बंधनकारक बळ दिले, आणि पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण आहे, आणि साक्षीदार होण्याची वा नाव सांगण्याची त्याजवर सक्ती नाही. दिल्लीत झालेला कायदा घाटात उतरावयास फार वेळ लावतो, हेच खरे.

फोनला खाली संपर्क मिळत नव्हता, म्हणून वर चालत जाऊन १०८ लावला. पलीकडून तालुका विचारला, आणि तेथेच माझी बोबडी वळली. पाटण म्हणावे की चिपळूण? अखेर कडेचा किलोमीटरचा दगड वाचून त्यावरचे अक्षर नि अक्षर सांगितले, तेव्हा कुठे निभावले. मागून आलेल्या एका मालमोटारीने वरचे वळण अडविल्यावर आई आणि कन्या अष्टपुत्रीसह त्याच बसने चिपळुणास रवाना झाल्या. आम्ही दोघे थांबलो.

रुग्णवाहिका खालून आली आणि रुग्णास घेऊन गेली. हवालदार त्यानंतर आले, आणि जागा आपल्या ठाण्याच्या हद्दीत येते की नाही यावर त्यांनी बराच खल केला. अखेर पंचनामा लिहावयास बसले तेव्हा 'आंब्यांची पेटी एक, मोडकी' येथपर्यंत लेखणी सुरळीत चालली. मग पेटीच्या फळ्या कमी का, असा रास्त प्रश्न त्यांनी उपस्थित केला. त्या जखमीच्या पायास बांधून गेल्या, असा पत्नीने खुलासा केला. मुद्देमाल असा परस्पर पाठविणे शिरस्त्यास धरून आहे काय, याचा त्यांनी क्षणभर विचार केला, आणि भला माणूस, हसून कागद मिटला. नाव त्यांनी विचारले नाही, मीच सांगितले.

आम्ही कार्यालयात पोहोचलो तेव्हा मांडवात अक्षतांचा सडा होता आणि पहिली पंगत उठत होती. माझ्या जागी चुलतभाऊ उभा राहिला होता, आणि त्याने ते काम माझ्याहून रुबाबात केले, असे बहिणीने मला दोनदा सांगितले. त्या गृहस्थांच्या पायावर पुढे शस्त्रक्रिया झाली. आता ते काठीने चालतात.

कुंभार्लीने जाणाऱ्यांनी एवढे करावे: किलोमीटरचे दगड वाचीत जावे, आणि कुणासाठी रस्त्यावर धोंडे मांडले असतील तर निघण्यापूर्वी ते स्वतः उचलून कडेला टाकावे, कारण आमच्या वेळी वाहकाने मांडलेले धोंडे काढावयास त्या गर्दीतून एकही हात पुढे झाला नाही.