तुझं कोण करेल?

धुळ्याला आजी अंथरुणाला खिळली, तेव्हा जळगावहून आई गेली. चार वर्षं कूस बदलणं, डायपर, भरवणं, सगळं तिनंच केलं. पगार नाही, पीएफ नाही. मी पुण्यात कोड लिहिते. माझा पीएफ मात्र दरमहा कापला जातो.

२०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. घरी सांभाळायला बाई ठेवली तर तिचे पैसे आपल्याच खिशातून.

आईला विचारलं, "तुझं कोण करेल?"

कळण्याची भाकरी थापत म्हणाली, "तू शे ना, माय."

घर बाबांच्या नावावर, बचतही. परवा आईच्या एकटीच्या नावानं खातं उघडलं. नॉमिनीच्या रकान्यात तिनं भावाचं नाव लिहिलं.