काराकोरमला रोज ५०० गाड्या

मॉडेल युनायटेड नेशन्स म्हटलं की ब्लेझर घालून भाषणं ठोकणारी मुलं आठवतात. क्रायसिस कमिटी हा त्याचाच वांड धाकटा भाऊ. इथे देशांऐवजी माणसं मिळतात. एकीकडे सभा चालू असते, दुसरीकडे प्रत्येक जण गुपचूप चिठ्ठ्या लिहून आतल्या खोलीत पाठवतो: याला विष घाला, त्याची फौज फोडा. पुढे काय घडलं ते आतली खोली ठरवते.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी त्या आतल्या खोलीत होते. विषय होता मंगोल साम्राज्य, १२५९. ऑगस्टमध्ये चीनच्या स्वारीवर असताना मोंगके खान मेला. मागे तीन भाऊ. कुबलाई चीनमध्ये लढतोय, हुलागू बगदाद संपवून सीरियाकडे निघालाय आणि धाकटा अरीक बोके राजधानीत, काराकोरमला बसलाय. १२६० मध्ये दोन ठिकाणी दोन कुरुलताई भरल्या आणि दोन भाऊ एकाच वेळी महाखान झाले. (डेटाबेसवाल्यांच्या भाषेत स्प्लिट-ब्रेन. दोन मास्टर, दोघांनाही वाटतं की खरा मीच.)

आमचा एक नियम सगळ्यांना छळत होता: बातमी लगेच पोचणार नाही. मंगोलांची 'याम' ही डाकव्यवस्था त्या काळात अफाटच, टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार. तरी चीनमधून सीरियापर्यंत निरोप जायला महिने लागायचे. म्हणून काराकोरमहून हुलागूला चिठ्ठी पाठवली की आम्ही ती तीन फेऱ्या दाबून ठेवायचो. मुलं वैतागायची. व्हॉट्सॲपवर दोन ब्लू टिक बघायची सवय, काय करणार! पण खेळ खरा त्यातच होता. हुलागू मोठी फौज घेऊन मागे फिरला, मागे ठेवलेली तुकडी ३ सप्टेंबर १२६० ला ऐन जालूतला ममलूकांकडून हरली. मेलेला खान एका टोकाला, हरलेली लढाई दुसऱ्या टोकाला.

पात्रं वाटताना कुबलाईवर उड्या पडल्या. शेवटी उरला अल्घू, चगताईचा नातू. तो एका फर्स्ट इयरच्या मुलाला मिळाला. मराठी माध्यमाचा, सभेत दोनदाच बोलला, दोन्ही वेळा वाक्य अर्धवट सोडून बसला. पण त्याची पहिली चिठ्ठी आली: "ताई, काराकोरमला धान्य कुठून येतं?"

बाकी कुणीच हे विचारलं नव्हतं. मी शोधलं. ओगेदेई खानाच्या काळात तिथे चीनकडून रोज ५०० गाड्या खाणंपिणं यायचं, असं एक फारसी इतिहासकार लिहितो. आणि चीनची वाट कुबलाईच्या हातात. पुढची चिठ्ठी: "मग कुबलाईने आवक बंद केली की अरीक बोके माझ्याकडेच येणार. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आवक तुटली की काय होतं ते मी बघितलंय."

इतिहासातही तसंच झालं होतं. कुबलाईने रसद तोडली, अरीक बोकेने धान्य आणि करासाठी अल्घूला मध्य आशियात पाठवलं, अल्घूने वसुली स्वतःकडेच ठेवली आणि उलटला. १२६४ मध्ये अरीक बोके कुबलाईला शरण गेला. आमच्याकडचा नवव्या फेरीत गेला, जेवणाच्या सुट्टीआधी. समोर कुबलाई घोडदळावर फर्डं भाषण करत होता. त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही की त्याची लढाई कोण जिंकून देतंय.

बक्षीस कुबलाईला मिळालं. मी अल्घूच्या अकरा चिठ्ठ्या घेऊन ज्यूरीकडे गेले. त्यांनी त्या उलटसुलट केल्या आणि विचारलं, "यातलं इंग्रजीत काही आहे का?" मी एकेक चिठ्ठी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. तिसरीपर्यंत आले तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या उचलणं सुरू झालं होतं.